ऋषिपंचमीची कहाणी, आणि आपण वाचलेली-ऐकलेली पाळी (अनुभव धागा)

अबोली
काल घरी ऋषिपंचमीची कहाणी वाचली. विटाळशी असताना घरात शिवाशिव केली म्हणून बाई पुढच्या जन्मी कुत्री होते, नवरा बैल. दोघं मुलाच्याच दारात. श्राद्धाच्या खिरीत साप गरळ टाकतो, जेवणारे मरू नयेत म्हणून कुत्री खिरीत तोंड घालते, आणि सून तिलाच मारते. भाची म्हणाली, "पण तिने तर सगळ्यांना वाचवलं!" कुणीच काही बोललं नाही. मला आजोळची मागची पडवी आठवली, वेगळी घोंगडी, वरून वाढलेलं ताट. पाळी तुम्हाला गोष्टींत, पुस्तकांत, सणांत कुठे भेटली? लिहा गं.

रानवारा
द्रौपदी. शाळेत वस्त्रहरण शिकवलं, पण ती तेव्हा रजस्वला होती, एकवस्त्रा होती, हे गाळून. कॉलेजात सभापर्व वाचलं तेव्हा कळलं. पोटात कळा येत असताना केस धरून भरसभेत ओढत नेलंय तिला! रात्रभर झोप नाही लागली.

घाटमाथा
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? ताईला न्हाण आलं तेव्हा मखर, ओटी, गल्लीभर गोड जेवण. पुढच्या महिन्यापासून तीच ताई गोठ्याशेजारी. विचारलं की "तुला काय करायचंय?"

अबोली
@घाटमाथा लिहा हो दादा. ताई आता कशा आहेत?

घाटमाथा
मजेत. लेकीला कधी बाजूला बसवलं नाही तिने.

पारवा
कुकर लावलाय, घाईत लिहिते. सोयराबाई वाचा! चोखोबांच्या पत्नी, चौदावं शतक. विटाळावाचून कुठला देह जन्मला ते सांगा, असं विचारतात. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ, दोन्ही सोसलेली बाई बोलतेय ती. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींनी सांगितलं की नाकातून शेंबूड येतो तसाच हाही शरीराचा एक स्राव. ऋषिपंचमीला हे का नाही वाचत आपण?

कोथिंबीर
ऋषीच्या भाजीत चिंच घालता की आमसूल? आमची काल अगदीच सपक झाली.

रानवारा
@कोथिंबीर आंबट चुका घाल, बाकी काही नको.

शेवंती
आम्ही नोकरीमुळे भुवनेश्वरला. इथे जूनमध्ये रज पर्व असतं. धरणीला पाळी आली म्हणून तीन दिवस नांगर बंद, पोरी नवे कपडे घालून झोके घेतात, घरोघर पोडा पिठा. पहिल्या वर्षी मला रडूच आलं.

माळरान
मी बीडची. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी तिशीच्या आतबाहेर पिशवी काढलीय. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात ना पाणी ना आडोसा. माझी चुलती त्यातलीच. आता कंबर धरून बसते. तिच्यावर कोण लिहिणार?

पारवा
@माळरान तूच लिही. चुलतीला विचारून, तिच्या बोलीत. टाईप करायला मी आहे.

माळरान
विचारते ताई. रविवारी गावी चाललेय.

कोथिंबीर
सोयराबाईंचे अभंग कुठे मिळतील?

पारवा
@कोथिंबीर सकल संतगाथेत.