मदत हवी आहे: मुख्य कंट्रोलर परतला की वाय-फाय पडतं

कळंगुटच्या एका हॉटेलात वाय-फायचे दोन कंट्रोलर व्हीआरआरपीवर (एक बंद पडला तर दुसऱ्याने ताबा घ्यायची पद्धत) आहेत. मुख्याची प्रायॉरिटी 150, राखीवाची 100, जाहिरात ('मी चालू आहे' हा संदेश) दर सेकंदाला. मुख्य बंद पडला की राखीव साधारण 3.6 सेकंदांत ताबा घेतो, तिथे काहीच तक्रार नाही.

घोळ परतीचा. पावसात वीज गेली की मुख्याच्या खोलीतला यूपीएस संपतो, मग कंट्रोलर आणि स्विच एकदमच परत सुरू होतात. स्विचांच्या मधली लिंक एसटीपीमुळे (नेटवर्कमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) 30 सेकंद अडते. तेवढ्यात मुख्याला राखीवाची जाहिरात ऐकू येत नाही, म्हणून तो स्वतःच मास्टर (ताबा असलेला) होतो. लिंक उघडली की 150 पाहून राखीव माघार घेतो. प्रीएम्प्ट (जास्त प्रायॉरिटीवाल्याने चालू मास्टरकडून ताबा काढून घेणं) बंद आहे, पण दोघेही मास्टर असताना त्याचा उपयोग शून्य. मुख्याचा लॉगिनचा डेटाबेस तोवर शिळाच, त्यामुळे पाहुण्यांना पुन्हा लॉगिन करावं लागतं.

कंट्रोलरच्या पोर्टला पोर्टफास्ट (एसटीपीसाठी न थांबता पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग) लावलाय; अडते ती स्विचांच्या मधली लिंक. एक जुना स्विच आरएसटीपी (एसटीपीची जलद आवृत्ती) घेत नाही, आणि रिंग असल्याने एसटीपी बंद करणं म्हणजे लूपला आमंत्रण. यूपीएस मोठा करायला मालक सीझननंतरच तयार होतील.

दोन पर्याय दिसतात. डेटाबेस राखीवाशी सिंक होईपर्यंत स्क्रिप्टने मुख्याची प्रायॉरिटी 90 ठेवायची, किंवा दोन खोल्यांमधल्या मोकळ्या फायबरवरून जाहिराती थेट न्यायच्या. पण थेट फायबरवर गेलं तर मुख्याची लॅन मेली तरी राखीव गप्प बसेल ना? चालू यंत्रणेत यातलं कुणी काय वापरतंय, आणि स्क्रिप्टच अडकली तर 90 वरून परत 150 कसं करता?