वय ५८, १० किमीला पूर्वीपेक्षा साडेनऊ मिनिटं जास्त लागतायत. यात वय किती आणि आळस किती, कसं ओळखायचं?

सावगाव_रोड:
नमस्कार मंडळी, मी बेळगावच्या टिळकवाडीतला. चाळिशीच्या आसपास पळायला लागलो, ४२ व्या वर्षी १० किमी ४६ मिनिटांत केलं होतं तो माझा बेस्ट टाइम. आता वय ५८ आणि त्याच अंतराला ५५:३० लागतात, तेही शेवटचे दोन किमी दात-ओठ खाऊन. घरी भाचा राहायला आलाय, २६ वर्षांचा, नुकताच पळायला लागलाय तरी ५२ मिनिटांत येतो आणि नाष्ट्याला बसलं की "मामा आता वॉकिंगच बरं तुम्हाला" म्हणून चालू. चेष्टा सोडा, पण प्रश्न खरा आहे. टाइम घसरला त्यात वयाचा वाटा किती आणि ट्रेनिंग कमी झाल्याचा किती, हे वेगळं काढता येतं का? आणि माझे ५५:३० व त्याचे ५२ यांची तुलना करायची तरी कशी?

कॅम्प_पहाटे:
यालाच एज ग्रेडिंग म्हणतात सर. पस्तिशीपुढच्या खेळाडूंची जी जागतिक संघटना, त्या वर्ल्ड मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सची टेबलं आहेत, प्रत्येक वयाला आणि अंतराला एक स्टँडर्ड टाइम दिलाय, पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. त्या स्टँडर्डला तुमच्या टाइमने भागायचं आणि शंभरने गुणायचं, झाले तुमचे टक्के. साठच्या वर म्हणजे गावपातळीवर चांगला, सत्तरच्या वर विभागीय, ऐंशीच्या वर राष्ट्रीय, नव्वदच्या वर जागतिक असं ढोबळ मानतात. नेटवर कॅल्क्युलेटर फुकट आहेत, वय आणि टाइम टाका की झालं.

आत्ता बोटांवर करायचं असेल तर बोस्टन मॅरेथॉनचे क्वालिफाइंग टाइम, म्हणजे तिथे पात्र ठरायला वयानुसार लागणारे टाइम, घ्या. २०२६ च्या रेससाठी पुरुषांना वय ३४ पर्यंत २:५५ तास, ४० ते ४४ ला ३:०५, ५५ ते ५९ ला ३:३० होते. म्हणजे तरुणाच्या मानाने तुमच्या वयाला वीस टक्के सूट. ५५:३० ला १.२ ने भागा, सव्वासेहेचाळीस मिनिटं येतात. भाच्याला सूट शून्य, त्याचे ५२ ते ५२च. आता नाष्ट्याला कोण बोलणार सांगा बघू 😀

तुमचा पहिला प्रश्न पण यातूनच सुटतो. ४० ते ४४ वरून ५५ ते ५९ ला जाताना बोस्टनवाले साधारण साडेतेरा टक्के वाढवून देतात, ४६ चे त्या हिशोबाने ५२ च्या थोडे वर होतात. तुम्हाला ५५:३० लागले, म्हणजे सहा मिनिटं वयाच्या खात्यात आणि वरची तीनेक ट्रेनिंग, वजन, झोप जे काय असेल त्यात. मॅरेथॉनचा आकडा १० किमीला लावलाय त्यामुळे हे अंदाजपंचेच, पण दिशा कळते.

निपाणीकर_७१:
टेबल ठीक आहे पण त्याच्या फार नादी लागू नका. ही स्टँडर्डं त्या त्या वयातल्या जगातल्या सगळ्यात भारी लोकांच्या टाइमवरून काढलेली आहेत. कॅनडाचे एड व्हिटलॉक घ्या, ७३ व्या वर्षी २००४ मध्ये टोरोंटोत मॅरेथॉन २:५४:४८! हा माणूस घराजवळच्या दफनभूमीत रोज तीन-तीन तास हळूहळू गोल फिरत पळायचा, आपल्याला तेवढा वेळ कोण देतो. आणि त्यांचंही बघा, ८५ व्या वर्षी २०१६ मध्ये ३:५६:३४. बारा वर्षांत तासाभराहून जास्त गेला. म्हणजे उतार सरळ नाही, सत्तरीनंतर जास्त तीव्र होतो आणि तो कुणालाच चुकलेला नाही. मी स्वतः सत्तरीपुढचा आहे, मागच्या पाच वर्षांत जे गेलं ते त्याच्या आधीच्या दहात गेलं नव्हतं.

माझं मत, एकच रस्ता, एकच महिना धरायचा आणि स्वतःशीच तुलना करायची. डिसेंबरातल्या थंडीतला टाइम आणि मे महिन्यातला टाइम शेजारी ठेवून वय वाढलं म्हणून रडण्यात अर्थ नाही. पावसाळ्यातले तर धरूच नका, आपल्याकडे जुलैत पळणं म्हणजे खड्डे चुकवणं.

खानापूरची_फिजिओ:
दोघांचंही पटतंय. फक्त त्या तीन मिनिटांबद्दल सांगते, कारण तेवढंच आपल्या हातात आहे. वयानुसार जास्तीत जास्त हार्ट रेट कमी होतो, त्याला इलाज नाही. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, पण घसरतो, पण नेमाने व्यायाम करणाऱ्यांचा बसून राहणाऱ्यांपेक्षा बराच हळू. पण पळताना सगळ्यात आधी दिसतं ते पाऊल आखूड होणं. पावलं मिनिटाला जवळपास तेवढीच पडतात, एकेक पाऊल मात्र कमी अंतर कापतं, कारण पोटऱ्यांतला जोर जातो. आणि पन्नाशीनंतर बरेच जण गुडघ्याच्या भीतीने फक्त गप्पा मारत पळतात, जोरात पळणं बंदच. मग तो जोर आणखी जातो. आठवड्यातून एकदा चढ मारा, राजहंसगडाचा रस्ता आहेच की, आणि टाचा उचलायचा व्यायाम जिन्याच्या पायरीवर उभं राहून. छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर.

बायकांसाठी वेगळं टेबल असल्याचा फायदा पण सांगते. बोस्टनला ५५ ते ५९ मध्ये पुरुषांना ३:३० तर आम्हाला ४ तास. आमचे हे रोज माझ्यापुढे दोन मिनिटं येतात आणि टक्क्यांत दरवेळी मागे, घरी हा विषय काढायला सध्या बंदी आहे.

वडगावचा_पोरगा:
मामा, भाच्याला एकदा गडावर न्या ओ, टेबल-बिबल राहू दे, चढाला दम निघाला की आपोआप गप्प बसतोय बघा 😂

सावगाव_रोड:
सगळ्यांचे आभार. कॅल्क्युलेटरवर टाकलं, माझे भाच्यापेक्षा टक्के जास्त आले. त्याचं म्हणणं असं की सूट घेऊन जिंकणं हे जिंकणं नव्हे, तर मी म्हटलं मग ५८ चा झालास की ये. चढाचं उद्यापासून सुरू करतोय. एक शंका, त्यात ट्रॅक आणि रोड असे दोन पर्याय दिसले, कुठला घ्यायचा?

कॅम्प_पहाटे:
रोडचा घ्या. ट्रॅकचं टेबल वेगळं आहे. आणि अंतर घड्याळावर विसंबून धरू नका, घड्याळातला १० किमी कधी कधी ९.८ निघतो, मग टक्के फुकटचे वाढतात.