चराऊ कुरणातील द्विदल चारा: चांगला उगवतो तोच टिकतो का?

प्रश्न:
गवताच्या जुन्या कुरणात मी दोन शेजारच्या पट्ट्यांत तांबडा आणि पांढरा क्लोव्हर (द्विदल चारापीक) पेरला होता. तांबडा भराभर उगवला आणि दोन वर्षे जोमाने वाढला, पण तिसऱ्या वर्षी तो शोधावा लागला. पांढरा पहिल्या हंगामात इतका विरळ होता की बियाणे वाया गेले असे मी धरून चाललो होतो. आज मात्र तोच गवतात सर्वत्र पसरला आहे. दोन जातींची तुलना करताना उगवणीला अधिक महत्त्व द्यावे की टिकावाला?

उत्तर १:
उगवण आणि टिकाव यांची मोजणी वेगवेगळी करावी, कारण त्यांची कारणेच वेगळी आहेत. तांबड्या क्लोव्हरचे झाड एका सोटमुळावर आणि जमिनीलगतच्या एका खोडबुंध्यावर उभे असते. तो बुंधा तुडवला गेला किंवा कुजला की झाड संपते, आणि सतत चराई असल्यास बी धरण्याची संधीही मिळत नाही. पांढऱ्या क्लोव्हरचे पहिले सोटमूळही एक-दोन वर्षांत मरते, परंतु तोवर त्याची जमिनीवर सरपटणारी खोडे पेरापेरांवर मुळे धरतात आणि त्यांचे वाढीचे शेंडे जनावराच्या तोंडाखाली सुरक्षित राहतात. लसूणघास खोल मुळांमुळे दुष्काळ सोसते, मात्र दोन चरायांमध्ये पाच-सहा आठवड्यांची विश्रांती न मिळाल्यास मुळांतील साठा संपून ती विरळ होते. अशा विरळ पिकात पुन्हा लसूणघासच पेरण्याचा मोह टाळावा, कारण जुनी झाडे जमिनीत सोडत असलेली द्रव्ये नव्या रोपांना वाढू देत नाहीत.

उत्तर २:
उष्ण प्रदेशातील जातींबाबत यात भर घालतो. स्टायलो या द्विदल चारापिकाच्या टिकावात जमिनीत साठलेल्या बियांचा मोठा वाटा असतो. बरेचसे बी कठीण कवचाचे असल्याने ते एकदम न उगवता अनेक हंगामांत थोडे थोडे उगवते. सुबाभूळ पहिल्या वर्षी अतिशय सावकाश वाढते, तण आणि जनावरे या दोहोंपासून तिला जपावे लागते, पण एकदा रुजली की दशकानुदशके उत्पन्न देते. रोगालाही विसरू नये: ऑस्ट्रेलियात उत्तम स्थिरावलेला टाउन्सव्हिल स्टायलो १९७० च्या दशकात करपा रोगाने जवळपास नाहीसा झाला. म्हणून विस्तीर्ण कुरणात एकाच जातीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ता:
मग पांढऱ्या क्लोव्हरची पहिल्या वर्षीची विरळ उगवण हा त्याचा स्वभाव होता की माझी चूक?

उत्तर ३:
बहुधा दोन्ही. त्याचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे बसतात, त्यामुळे ते एक सेंटिमीटरपेक्षा फार खोल गेले तर रोपाला वर येण्याइतके बळच उरत नाही. जुने गवत पेरणीपूर्वी आखूड चारून घेतले होते का, बियाण्याला त्या जातीला चालणारे रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहून नत्र पुरवणारे जिवाणू) चोळले होते का आणि जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) पुरेसे होते का, हे तपासावे. स्फुरदाची उणीव असल्यास गवत आपल्या दाट तंतुमुळांनी ते आधी पळवते. पुढच्या वेळी पेरणीनंतर सहा आठवड्यांनी ठरावीक चौकटीतील रोपे मोजा आणि त्याच चौकटी तिसऱ्या वर्षापर्यंत कायम ठेवा. मात्र पांढऱ्या क्लोव्हरबाबत तिसऱ्या वर्षी झाडे मोजू नयेत. सरपटणाऱ्या खोडांमुळे एक झाड कुठे संपते ते कळत नाही, म्हणून त्याने किती जमीन व्यापली आहे तेच नोंदवावे.