रक्त न दाखवताही

'रक्तमांस दाखवल्याशिवाय युद्धाची झळ पोचत नाही' हे युद्धावरच्या कलेबद्दलचं म्हणणं मला अर्धंच पटतं. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धावरच्या ८२ चित्रांच्या मालिकेत छिन्नविच्छिन्न देह आहेत, आणि तिथे ते हवेतच. पण जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलवित्झ बघा. १९१४च्या ऑक्टोबरात तिचा १८ वर्षांचा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये मारला गेला. तिने घडवलेलं त्याचं स्मारक पुरं व्हायला १९३२ उजाडलं (मधे एक आराखडा तिने सोडूनही दिला). त्यात मुलगा नाहीच! फक्त गुडघे टेकलेले आईबाप, तेही वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. बापाने दोन्ही हात स्वतःच्याच छातीभोवती घट्ट आवळलेत, आई पुढे वाकलेली. एकमेकांना धरायलाही ते वळत नाहीत. मला तर त्या दोघांमधली मोकळी जागाच जास्त छळते.