मदत हवी आहे: सोलर गाडीला गिअरचं प्रमाण ४:१ ठेवू की ५:१?

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांबरोबर छोटी सोलर गाडी बनवतोय. मोटरच्या शाफ्टवर १० दातांचं पिनियन (छोटा गिअर), मागच्या ॲक्सलवर ४० दातांचा गिअर, म्हणजे ४:१ (मोटरच्या चार फेऱ्यांत चाकाची एक). भर दुपारच्या उन्हात गाडी झकास सुटते. पण जरा ढग आला की जागची हलत नाही. बोटानं हलकेच ढकललं की मात्र चालू लागते आणि पुढे चालतच राहते.

माझ्या मते अडचण सुरुवातीच्या टॉर्कची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराची आहे. पॅनल म्हणजे बॅटरी नव्हे. ऊन उतरलं की करंट घटतो, आणि मोटरचा जोर करंटवरच ठरतो. शिवाय अडलेली मोटर पॅनलचं व्होल्टेज पार खाली ओढते.

५० दातांचा गिअर लावला तर ५:१ होईल. घर्षण सोडलं तर जोर सव्वापट, पण मोटरच्या तेवढ्याच फेऱ्यांत वेग पाचातला एक हिस्सा कमी. शर्यत सरळ २० मीटरची आहे, त्यामुळे वेग घालवायला जीवावर येतं.

गिअर तोच ठेवून ६० मिमीऐवजी ४८ मिमीची चाकं लावली तरी हिशेब तोच येतो, आणि चाकं हलकीही होतील. तुम्ही यातलं काय कराल? की दोन्ही पॅनल सिरीजऐवजी पॅरललमध्ये जोडून आधी करंट वाढवावा? प्लॅस्टिकच्या गिअरच्या दातांमध्ये फट किती ठेवता, तेही सांगा. ढगाळ हवेत गाडी पळवलेल्यांचा अनुभव विशेष हवा आहे.