खड्ड्यांची रांग: हद्द की खांबांची ओळ? छेद कसा घ्यावा, काळ कसा ठरवावा?

ठिपक्यांची_ओळ
पूर्व इंग्लंडमधल्या नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीचे जुने हवाई फोटो बघतोय. एका फोटोत बार्लीच्या पिकात गडद हिरव्या ठिपक्यांची ओळ आहे. ३४ ठिपके मोजले. प्रत्येक साधारण २ मीटर रुंद, मधलं अंतर दीड-दोन मीटर, आणि ओळीचं एक टोक बुजलेल्या जुन्या नदीपात्रापाशी संपतं. तिथल्याच मॅग्नेटोमीटर सर्वेक्षणात (जमिनीतले चुंबकीय फरक मोजणाऱ्या) मात्र जेमतेम चार-पाच पुसट डाग आहेत.

हे खड्डे प्रागैतिहासिक हद्दीचे की खांब रोवायचे? खोदायची वेळ आली तर छेद (म्हणजे आतले थर दाखवणारा उभा काप) ओळीच्या दिशेने घ्यायचा की ओळीला आडवा? आणि खापरं निघालीच नाहीत तर काळ कशावरून सांगायचा?

मातकट
मॅग्नेटोमीटर गप्प आहे म्हणून रांगच नाही असं समजू नका. सिग्नल येतो तो खड्ड्यात भरलेल्या मातीमुळे. वस्तीजवळच्या खड्ड्यात राख, भाजलेली माती, कचरा पडतो आणि तो भर चुंबकीयदृष्ट्या ठळक होतो. या रांगा बहुतेक वस्तीपासून लांब असतात. त्यांत काठाचीच वाळू आणि गोटे कोसळून पडतात. आत-बाहेर माल एकच, मग फरक दिसणार कुठून? त्यात सर्वेक्षण १ मीटर अंतराच्या ओळींनी झालं असेल तर पुसट खड्डे आणखी पुसट होतात. ओळी अर्ध्या मीटरवर आणि ओळीत दर पाव मीटरला एक वाचन, असं पुन्हा करून बघण्यासारखं आहे.

पिकाला चुंबकत्वाशी देणंघेणं नाही. खड्ड्यातल्या बारीक, खोल मातीत ओल टिकते, म्हणून कोरड्या जून-जुलैत तेवढीच बार्ली हिरवी राहते.

आता फसवणारे ठिपके. फळबागेचे खड्डे एका ओळीत थांबत नाहीत, समांतर ओळींची जाळी दिसते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची ग्लायडर उतरू नयेत म्हणून मोकळ्या माळांवर चर खणले होते, ते मैदानभर आडवे-उभे पसरलेले असतात. जुन्या विहिरीवजा खाणींभोवती उपसलेल्या मालाचं कडं दिसतं. प्रागैतिहासिक रांग सहसा दोरी लावल्यासारखी सरळ नसते. पाच-दहा खड्डे एका रेषेत, मग जराशी मुरड, मग पुढचा तुकडा. तुमची ओळ जुन्या पात्राशी संपते हे मला सगळ्यात बोलकं वाटतं.

फक्त आकारावरून काळ सांगू नका. ब्रिटनमधल्या बहुतेक रांगा इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातल्या, म्हणजे कांस्ययुगाची अखेर आणि लोहयुग. पण नॉर्थंबरलंडच्या मिलफील्ड खोऱ्यात नवाश्मयुगाच्या उत्तरार्धातल्याही आहेत.

आडवा_छेद
ओळीच्या दिशेने की आडवा? दोन्ही हवेत, म्हणून खड्डा अर्धा कापूच नका. चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन काढा. ओळीच्या दिशेच्या छेदात शेजारचे खड्डे एकमेकांना कापतात का ते कळतं. आडव्या छेदात भर कुठल्या बाजूने आला ते कळतं. उपसलेल्या मातीचा बांध एका अंगाला असेल तर त्या बाजूचे थर जाड आणि तिरपे उतरतात. बांध नांगरटीत केव्हाच गेलेला असतो, खड्ड्यातला तो तिरपा थर हीच त्याची उरलेली खूण. नॉर्थ यॉर्क मूर्सवर नांगर पोचला नाही तिथे खड्ड्यांच्या दुहेरी रांगा आणि त्यांचे बांध अजून उभे आहेत. म्हणून ‘चर सोडून सुटे खड्डे का खणले?’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. खड्डे आणि बांध मिळून अडसर होत असेल तर नुसत्या खड्ड्यांकडे बघून काय कळणार?

खांबाचं म्हणाल तर काठ बघा. उघडा राहिलेला खड्डा वरच्या तोंडाशी पसरतो, फनेलसारखा, आणि तळाच्या कोपऱ्यांत जाड गोट्यांचा त्रिकोणी ढीग साचतो. काठ तळापर्यंत उभे, मध्ये काळसर मातीचा उभा पट्टा आणि भोवती ठासलेले दगड असले तरच खांब म्हणा. काठ उभे असून पट्टा नसेल तर खड्डा खणल्यावर लवकरच बुजवला. त्याचा अर्थ वेगळा लागतो.

वरची माती काढताना यंत्राला दात नसलेलं बकेट लावा. आणि दोन खड्ड्यांमधली ‘मोकळी’ जमीनही खरडून साफ करा. पुष्कळदा नंतरचा उथळ चर सगळ्या खड्ड्यांवरून सलग गेलेला असतो. हद्द तीच, फक्त पुढच्या पिढ्यांनी ती चराने गिरवली. हे सुटलं तर दोन टप्प्यांचा एकच टप्पा होतो.

कार्बन_चौदा
खापरं न निघणं हेच नेहमीचं आहे. प्रत्येक थरातून ४० लिटर माती घ्या, थर त्याहून लहान असेल तर सगळी. पाण्यात तरंगवून वर येणारा माल २५० किंवा ३०० मायक्रॉनच्या जाळीवर धरा. कार्बन-१४ साठी (सेंद्रिय अवशेषाचं वय काढणारी चाचणी) हेझलनटचं टरफल किंवा धान्याचा एकच दाणा निवडा. ओकच्या गाभ्याचा कोळसा देऊ नका, झाडच शेकडो वर्षांचं असू शकतं. एका थरातून दोन वेगळे नमुने पाठवा. ते जुळले नाहीत तर त्यातला एक तरी बाहेरून आलेला आहे, बहुधा जुन्या जमिनीतून वाहत.

यातही एक पेच आहे. इ. स. पूर्व ८०० ते ४०० दरम्यान कॅलिब्रेशनची रेषा (प्रयोगशाळेतलं वय खऱ्या वर्षांत बदलणारा आलेख) जवळपास सपाट आहे. प्रयोगशाळेतून २४५० वर्षांच्या आसपासचं कच्चं वय आलं की तुमचा खड्डा या चारशे वर्षांत कुठेही बसतो, आणि नेमका हाच या रांगांचा काळ. खालचे-वरचे थर क्रमाने धरून बेझियन (संख्याशास्त्रीय) मॉडेल केलं तरच ही पट्टी थोडी आवळते. तळ पाण्याखाली असेल तर नशीब, लाकूड टिकलेलं मिळू शकतं.

ठिपक्यांची_ओळ
आभार. मग तळातल्या गाळाचं ओएसएल (वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं ते सांगणारी पद्धत) केलं तर हा सपाट भाग टळेल ना? आणि ओळ हिवाळी अयनदिनाच्या (वर्षातला सर्वांत लहान दिवस) आसपासच्या सूर्योदयाकडे रोखलेली वाटते, त्यात काही तथ्य?

कार्बन_चौदा
ओएसएल करा, पण अगदी तळातला थर नको. तिथे काठ एका झटक्यात कोसळलेला असतो, वाळूच्या कणांना ऊन लागलेलंच नसतं. आकडा येईल तो हिमयुगातल्या गोट्यांचा. त्याच्या वरचा, सावकाश साचलेला बारीक गाळ निवडा. नळी अपारदर्शक हवी आणि थराच्या सीमेपासून शक्यतो ३० सेंटिमीटर आत, कारण वय काढताना धरावा लागणारा आजूबाजूचा गॅमा किरणोत्सर्ग साधारण तेवढ्या अंतरातून येतो. कार्बनचा दाणा तळातून, ओएसएल त्यावरून, अशी जोडी लावा.

आडवा_छेद
सूर्योदयाबद्दल सावध. स्कॉटलंडमधल्या क्रेथसजवळचं वॉरन फील्ड बघा. १२ खड्डे, सुमारे ५० मीटरची वक्र ओळ, इ. स. पूर्व ८००० च्या सुमाराची. उत्खनन २००४ ते २००६ मधलं, आणि २०१३ मध्ये काही संशोधकांनी ती चंद्राचे महिने मोजायची आणि हिवाळी अयनदिनाच्या सूर्योदयाशी मेळ घालायची सोय असल्याचं मांडलं. तिथे निदान डोंगरांमधली खिंड आहे, क्षितिजावर बोट ठेवायला जागा आहे. तुमच्या सपाट नदीकाठी तसं काय आहे? ३४ खड्ड्यांची, मुरडत जाणारी ओळ कुठल्या ना कुठल्या सूर्योदयाकडे रोखलेली निघणारच. आधी प्रत्येक सरळ तुकड्याचा दिगंश (उत्तरेपासूनचा कोन) वेगळा काढा, क्षितिजाची उंची मोजा आणि जवळच्या जुन्या शेतबांधांच्या दिशा त्यावर टाका. दिशा बांधांशी जुळली तर सूर्य बाजूला ठेवा.

मातकट
आणि खोदण्याआधी एक-दोन ठिपक्यांत हाताच्या ऑगरने (माती काढणाऱ्या गिरमिटाने) भोक पाडा, शेतमालकाची परवानगी घेऊन आणि जागा संरक्षित यादीत नाही ना हे तपासून. गोट्यांत ऑगर अडकतो, पण बारीक मातीत सरळ उतरतो. दोन फूट खाली गेला की तिथे खड्डा आहे एवढं तरी कळतं.