वकिलीचं शिक्षण: फी किती गेली आणि पहिली कमाई कधी हातात आली? (अनुभव धागा)

मी अंबाजोगाईच्या कोर्टात चौदा वर्षं वकिली करते. परवा धाकटी बहीण, दाजी आणि भाची परळीहून आले. दाजींनी ताटं वाढायच्या आधीच खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. एकावर राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वर्षाची फी, वसतिगृह, मेस, अनामत, सगळी बेरीज दोन लाखांच्या वर. दुसऱ्यावर अनुदानित लॉ कॉलेजची फी, दहा हजारांच्या आत. खाली पेन्सिलीनं सोयाबीनचा हिशोब मांडलेला, एकरी किती झालं आणि काय भावानं गेलं. "ताई, ह्यातलं कोणतं घेतलं तर लेकराला काम मिळंल, तेवढं सांगा."

मला लगेच सांगता आलं नाही. माझी स्वतःची तीन वर्षांची फी वीस-बावीस हजारांत आटोपली होती. पण सनद (वकील म्हणून नोंदणी) मिळाल्यावर पुढची तीन वर्षं मी वडलांच्या पैशावर काढली. खोलीचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च, पुस्तकं, कोट, सगळं त्यांच्याकडून. हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, आणि माझ्या बाबतीत तो फीपेक्षा मोठा होता. म्हणून हा धागा काढते आहे. लिहिताना कृपया आकडे लिहा: फी किती, राहण्या-खाण्याचे किती, सनदेनंतर पहिली स्वतःची कमाई कधी आणि किती. तक्रार असेल तर कॉलेजचं नाव नको, काय घडलं ते लिहा.

लातूर, जिल्हा न्यायालय

बी.कॉम.नंतर तीन वर्षांची एलएलबी लातुरातच केली, घरून सायकलवर. परीक्षा शुल्क धरून वर्षाला नऊ हजारांच्या आत खर्च. सनद २०१४ ची.

पहिलं वर्षभर सीनियर दर शनिवारी हजार रुपये द्यायचे. त्यात पेट्रोल आणि चहा भागायचा. काम मात्र भरपूर शिकवलं: बोर्ड (त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) बघणं, मुदतीचे अर्ज, नकला काढणं, साक्षीदाराला बाकावर बसवून आधी सगळं नीट विचारून घेणं. माझी स्वतःची पहिली फी अकराव्या महिन्यात मिळाली. निलंगा तालुक्यातले एक आजोबा, तारखेला न आल्यानं वॉरंट निघालेलं. अर्ज मी हातानं लिहिला, कोर्ट फीचं तिकीट लावलं, साहेबांनी दंड भरून घेतला आणि वॉरंट रद्द केलं. आजोबांनी धोतराच्या कनवटीतून पाचशेची नोट काढली आणि दोनशे परत मागितले, एसटीला लागतील म्हणून. मी तीनशे घेतले. ते तीनशे आईनं देवापुढं ठेवले होते.

दुसऱ्या वर्षी महिन्याला चार हजार, तिसऱ्या वर्षी आठ, पाचव्या वर्षी वीसच्या पुढं. माझा जम बसला तो भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या दाव्यांत आणि मोटार अपघात दाव्यांत. आज महिना पन्नास-साठ हजार पडतात, पण सारखे नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत कोर्ट बंद असलं की शून्य.

दाजींना एक सांगा. कॉलेज अनुदानित असलं तरी बारावीनंतरची पाच वर्षांची तुकडी पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित असते. कागदावरची फी तीन वर्षांच्या कोर्सची आहे का, ते ऑफिसात जाऊन विचारा.

जालना, सध्या पुण्यात नोकरी

मी क्लॅट देऊन महाराष्ट्राबाहेरच्या एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात गेले. क्लॅट म्हणजे ह्या विद्यापीठांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा: दोन तासांत १२० प्रश्न, पेपर फक्त इंग्रजीत, चुकीला पाव गुण वजा. फॉर्मच ४,००० रुपयांचा. आपल्या राज्याची सीईटी मराठीतही असते आणि चुकीला गुण कापत नाहीत. दोन्हींची तयारी एकाच पद्धतीनं होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पाच वर्षांत तेरा लाख गेले. पाच लाख घरचे, ८ लाख शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही असं ऐकून गेलो होतो, वरच्या रकमेसाठी बाबांना प्लॉटचे कागद ठेवावे लागले. दरवर्षी १ लाख ६० हजार उचलले, व्याज साडेदहा टक्के. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. हप्ते सुरू झाले तेव्हा मुद्दल ८ लाखांचं ११ लाख ३६ हजार झालं होतं. आता दहा वर्षं, दरमहा १५,३०० रुपये.

प्लेसमेंटबद्दल सरळ लिहिते. मोठ्या लॉ फर्म आधी जुन्या चार-पाच विद्यापीठांत जातात. आमच्या वर्गातल्या वरच्या दहा-बारा जणांना चांगले पगार मिळाले, बाकीच्यांनी स्वतः अर्ज करून नोकऱ्या शोधल्या. मला एका कंपनीच्या विधी विभागात करार तपासायचं काम मिळालं, हातात ५२ हजार. हप्ता आणि पुण्याचं भाडं गेल्यावर पंधराएक हजार उरतात. मी समाधानी आहे, कारण इंग्रजी मसुदा करायला मी तिथं शिकले आणि इंटर्नशिपमुळे माणसं ओळखीची झाली. पण जालन्याच्या कोर्टात उभं राहायचं माझ्या मनात होतं. १५,३०० चा हप्ता डोक्यावर असताना हजार रुपये आठवड्यावर ज्युनिअरशिप करता येत नाही. कर्ज घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. वास्तविक सही करायच्या आधी बँकेच्या टेबलावर हाच विषय निघायला हवा.

गेवराई

पुण्यातलं एक खासगी कॉलेज. जाहिरातीत शंभर टक्के प्लेसमेंट. फी ९० हजार, आत गेल्यावर "इतर" ह्या नावाखाली आणखी २२ हजार, पावती अर्ध्याचीच. प्लेसमेंट म्हणजे वसुली एजन्सीत फोन करायचं काम, १४ हजार. त्यात हजेरीचा घोळ वेगळा. बार कौन्सिलच्या नियमानं ७० टक्के हजेरी लागते. कॉलेज म्हणालं, आम्ही बघून घेऊ, नाही आलात तरी चालेल. शेवटच्या वर्षी परीक्षेच्या आठ दिवस आधी यादी लागली आणि आम्ही एकोणीस जण बाहेर. माझं एक वर्ष गेलं, खोलीभाडं आणि मेसचे सव्वा लाख गेले. वडलांना मी खरं कारण दोन महिने सांगू शकलो नाही. प्रवेश घेण्याआधी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या चार पोरांना बाहेर चहाच्या टपरीवर भेटा.

नांदेड जिल्हा, संभाजीनगरात शिक्षण

मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी. नागसेनवन परिसरात राहून शिकलो. फीचा प्रश्न शिष्यवृत्तीनं सुटला. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून स्वाधार ह्या राहण्या-खाण्याच्या खर्चाला मदत देणाऱ्या सरकारी योजनेत अर्ज केला. ती रक्कम हप्त्यांनी येते, म्हणून पहिले चार-पाच महिने स्वतःच्या तयारीनं काढावे लागतात. मी एका झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी टायपिंग केलं. त्याचा पुढं उपयोग झाला: आज उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाच्या ई-फायलिंगची कामं माझ्याकडं येतात ती त्या टायपिंगमुळंच.

मला खरी अडचण आली ती सनदेला. २०२२ मध्ये सगळे मिळून पंधरा हजारांच्या वर भरावे लागले. आईच्या भिशीचे पैसे त्यात गेले. पुढं ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. खुल्या वर्गाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. धाकट्या भावानं नोंदणी केली तेव्हा आई मला म्हणाली, "तुझ्या टायमाला हे असतं तर भिशी मोडली नसती." नोंदणीनंतर द्यायच्या ऑल इंडिया बारच्या परीक्षेची फी मात्र वेगळी भरावी लागते, ती धरून चाला.

औरंगाबाद खंडपीठ, १९८९ पासून

कॉलेज निवडताना पोरं फी बघतात, इमारत बघतात. मी म्हणेन, तुम्ही कुठल्या कोर्टात उभे राहणार ते आधी ठरवा. हे खंडपीठ १९८१ साली सुरू झालं आणि बारा जिल्ह्यांचं काम इथं येतं: मराठवाड्याचे आठ, शिवाय नगर, जळगाव, धुळे, नंदुरबार. विद्यार्थी शहरात असेल तर कॉलेज सुटल्यावर चेंबरला येऊन बसू शकतो. माझ्याकडं तिसऱ्या वर्षापासून बसलेली पोरं सनदेच्या दिवशी कामाला तयार असतात. बाहेरून पदवी घेऊन आलेल्यांना तेवढंच शिकायला आणखी दोन वर्षं लागतात.

आता कामाचं बोलतो, कारण नोकरी-नोकरी सगळे म्हणतात आणि आपल्या भागातलं खास काम कुणी शिकवत नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळं आपल्या जमिनींना आजही हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० लागतो, इनामांना १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा लागतो. पुण्या-मुंबईचं पुस्तक वाचून आलेल्या मुलाला मुंबईचा कूळ कायदा पाठ असतो, आणि मराठवाड्यातल्या जमिनींना त्याचा उपयोग होत नाही. जुनी कागदपत्रं उर्दूत. मागच्या पावसाळ्यात बदनापूरकडचे एक पक्षकार प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं खासऱ्याचं (जमिनीच्या जुन्या नोंदीचं) पान घेऊन आले. घडीवर चिरलेलं, कडा तपकिरी झालेल्या. शहरात ते वाचून देणारे मोजकेच लोक राहिलेत, आणि तेही वयस्कर. ज्या ज्युनिअरनं उर्दू लिपी शिकून घेतली, त्याला मी कधी रिकामा बसलेला पाहिला नाही. शहरात शिकवणारे आहेत, सहा महिन्यांत लिपी येते आणि फीही फार नाही.

ज्युनिअरच्या पैशाबद्दल: बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, ज्युनिअरला शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं अशी शिफारस आहे. सक्ती नाही. मी १२,००० देतो. कमी आहेत हे मला मान्य आहे, पुढच्या वर्षी १५ करणार आहे. पण काहीच न देणारे सीनियर पुष्कळ आहेत, आणि गरिबाची हुशार पोरं ह्याच कारणानं ही वाट सोडतात. ह्याचं मला फार वाईट वाटतं.

परभणी, न्यायाधीश परीक्षेची तयारी

स्वस्त कॉलेज आणि उरलेल्या पैशात क्लास, असा माझा सरळ हिशोब होता. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० आहे, आणि पदवी झाली की लगेच परीक्षा द्यायची असं ठरलेलं. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक केली. त्या संध्याकाळी अभ्यासिकेत कुणी दिवाच लावला नाही, सगळ्या जणी अंधारात बसून होतो. आता मी सोनपेठच्या एका वकील बाईंकडे जाते. त्या महिन्याला ५,००० देतात आणि रोज एक तरी अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. ही तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या (बारच्या परीक्षेआधी होणाऱ्या) तारखेपासून मोजली जातात, बारच्या परीक्षेच्या निकालापासून नाही. म्हणून लॉच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्याबरोबर नोंदणी करा, एक महिनाही घालवू नका. ज्या मुलींच्या घरी "परीक्षा झाली की लग्न" असं ठरलेलं असतं, त्यांच्यासाठी ही तीन वर्षं फार अवघड आहेत. माझ्या दोन मैत्रिणींची तयारी त्यातच सुटली.

हिंगोली

बँकेत विधी अधिकारी आहे. आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) परीक्षेतून आलो. एलएलबी आणि वकील म्हणून नोंदणी, एवढंच लागतं. कॉलेज कोणतं हे मुलाखतीत एका वाक्यात संपलं. वयाची अट तीस, तेवढी लक्षात ठेवा. गावी राहणाऱ्यांसाठी बँकेच्या पॅनेलवर सर्च रिपोर्टचं (मिळकतीची मालकी तपासून अहवाल देण्याचं) काम असतं, तीस वर्षांच्या नोंदी बघून लिहायचं. थोडं पण नियमित.

धाराशिव

मुलं मोठी झाल्यावर एकोणचाळिसाव्या वर्षी लॉला प्रवेश घेतला. फी परवडणारी होती, घरचं बघून कॉलेज केलं. सनद घेऊन चार वर्षं झाली. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं जास्त करून बघते. बाया माझ्याजवळ बसून रडतात आणि मग सांगतात, ते पुरुष वकिलाला सांगितलं नसतं असं म्हणतात. कमाई महिना पंधरा हजार. घर त्यावर चालत नाही, नवऱ्याची नोकरी आहे म्हणून जमतं.

परळी

मी ह्या धाग्यातला दाजी. मुलीला सगळं वाचून दाखवलं. जालन्याच्या ताईचा हप्त्याचा हिशोब तिनं वहीत उतरवून घेतला. लातूरच्या वकील साहेबांनी सांगितलं तसं कॉलेजात जाऊन आलो. खरंच माझ्या कागदावरची फी तीन वर्षांच्या कोर्सची होती, पाच वर्षांची वेगळी आणि बरीच जास्त. पण तिथल्या बाईंनी सांगितलं, सीईटी देऊन कॅपमधून (राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश झाला आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तर ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा प्रवेश क्लॅटवरून होतो, तो ह्या कॅपमध्ये येत नाही.

बुधवारी मुलगी मावशीबरोबर अंबाजोगाईच्या कोर्टात दिवसभर मागच्या बाकावर बसली. संध्याकाळी आल्यावर म्हणाली, एका बाईची उलटतपासणी बघितली, वकिलानं चुकीचा प्रश्न विचारला आणि मला तो कळला. विकल्प अर्जात संभाजीनगरचं कॉलेज पहिलं टाकलंय, खंडपीठाजवळ म्हणून, लातूर दुसरं. फीतून वाचणारे पैसे पोस्टात तिच्या नावावर ठेवायचे, सनदेनंतरच्या तीन वर्षांसाठी. ताईंनी वर्षाचे साठ हजार धरायला सांगितलेत. सोमवारी उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअरसाठी तहसीलला जातोय.